क्रांतिसिंह नाना पाटील : रानातली भाषा दिल्लीपर्यंत नेणारा माणूस

निवडणूक लागली की आपल्या पुढाऱ्यांची बोली बदलते. एरवी शहरी बोलणारा माणूस स्टेजवर चढला की एकदम गावरान होतो. 'माय-बाप' म्हणतो, 'मी शेतकऱ्याचं पोर' म्हणतो. पण ही बोली ज्यांच्या तोंडात खरोखरच होती, त्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं आयुष्य नव्या मतदारांनी एकदा समजून घ्यावं.

नानांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो, तेव्हा तो सातारा जिल्ह्यात होता. शिक्षण बेताचंच. पुढं तलाठ्याची नोकरी लागली. त्या काळात तलाठी म्हणजे गावात मोठा मान. सातबारा, शेतसारा, थकबाकी हे सगळं त्यांनी आतून बघितलं. शेतकरी कशानं नडतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 1930 च्या कायदेभंगात त्यांनी ही नोकरी सोडली आणि चळवळीत उतरले. पुढं कितीतरी वेळा तुरुंगवास झाला.

सत्यशोधक चळवळीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव. त्या चळवळीनं जलसे आणि तमाशातून लोकांच्या बोलीत विचार मांडायची वाट आधीच पाडली होती. नाना त्याच वाटेनं गेले. धोतर, सदरा, फेटा असा वेश आणि बोलणं बांधावर बसून बोलावं तसं. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे अवघड शब्द न वापरता अडाणी माणसाला कळायचं. म्हणून सभेला गर्दी लोटायची.

1942 नंतर ते भूमिगत झाले. सरकारनं त्यांना पकडून देणाऱ्याला इनाम लावलं, घरादारावर जप्ती आणली. तरी 1946 पर्यंत ते हाती लागले नाहीत, कारण गावंच्या गावं त्यांना लपवत होती. याच काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. गावातले तंटे गावातच मिटवणारी न्यायमंडळं, जी. डी. बापू लाड यांच्यासारख्यांनी उभी केलेली तुफान सेना, कमी खर्चात लागणारी गांधी लग्नं, सावकार आणि गुंडांना चाप, असं ते काम होतं.

इथं शब्दाची ताकद बघा. 'प्रतिसरकार' हा पुस्तकी शब्द, लोकांच्या तोंडी तो 'पत्री सरकार' झाला. गुन्हेगारांना तळपायावर मारायची शिक्षा होती. त्यावरून बैलाला मारतात तशी माणसाच्या पायाला पत्री मारतात, अशी आवई उठली. नुसत्या नावानंच अनेकांना घाम फुटायचा. शब्द धीर देतो तसा धाकही घालतो. ही गोष्ट आपणही ध्यानात ठेवावी, कारण भीती घालून मतं मागणारे आजही आहेत.

स्वातंत्र्यानंतर नाना आधी शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी सभा गाजवल्या. 1957 ला साताऱ्यातून ते लोकसभेवर निवडून गेले आणि तिथं मराठीतून बोलले. गावात एक भाषा अन् दिल्लीत दुसरी, असं त्यांनी केलं नाही. 1967 ला ते बीडमधून उभे राहिले. जिल्हा परका, तरी बीडच्या लोकांनी त्यांना निवडून दिलं.

6 डिसेंबर 1976 ला नाना गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणं अंत्यसंस्कार वाळव्यात झाले.

नानांची नक्कल करणं सोपं आहे. फेटा भाड्यानं मिळतो, गावरान शब्द भाषण लिहून देणाराही पुरवतो. पण नोकरी सोडणं, घरादारावर जप्ती सोसणं, वर्षानुवर्षं रानोमाळ फिरणं याची नक्कल होत नाही. नानांच्या शब्दाला वजन होतं ते त्यामुळं. आधी काम झालं, मत मागायला ते नंतर आले.

तेव्हा मंडळी, उद्या कुणी आपल्याच बोलीत गोड बोलून मत मागायला आला, तर टाळी वाजवायला हरकत नाही. पण बोट दाबायच्या आधी एवढंच विचारा : हा माणूस निवडणूक नसताना कुठं होता? आमच्या पाण्याच्या पाळीला, पीकविम्याला, पोरांच्या शाळेला यानं काय केलं? उत्तर मिळालं तर मत द्या. नुसती भाषाच मिळाली, तर ती ऐका अन् सोडून द्या.