कर्मवीर भाऊराव पाटील : आजची भाकरी आणि उद्याचे पीक

बियाण्याचे धान्य दळून खाल्ले असता दोन दिवस पोट भरते; परंतु पुढील सालाचे शेत ओसाड पडते, हे कुणब्याच्या पोरासही ठाऊक असते. तरीही मुलांच्या बाबतीत हीच चूक शहाणीसुरती माणसे करितात. ही चूक दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. वडिलांचे नाव पायगोंडा व आईचे गंगाबाई. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि राजाराम हायस्कुलात शिकू लागले. त्या काळी राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने या नगरीत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. त्यांचा ठसा भाऊरावांच्या मनावर कायमचा उमटला. अभ्यासापेक्षा ते तालमीत अधिक रमत, आणि इंग्रजी सहाव्या इयत्तेपुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. ज्याने पुढे सहस्रावधी मुलांना शिकविले तो स्वतः मॅट्रिकही झाला नव्हता, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

पुढे साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या. ओगले यांची काच व किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले. प्राप्ती चांगली होती. नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले आणि तेथील अज्ञान त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सुखाने संसार करावा की या मुलांसाठी झिजावे, असे दोन मार्ग समोर होते. त्यांनी दुसरा पत्करिला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीस जेवीत.

या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. अखेर सौभाग्यलेणेही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. या त्यागाचे फळ पाहण्याइतके आयुष्य त्या माउलीस लाभले नाही.

भाऊरावांचा खरा मोठेपणा आम्हांस अन्यत्र दिसतो. गरीब बाप मुलास मजुरीस धाडतो तो आळसाने अगर लोभाने नव्हे, तर चूल पेटत नाही म्हणून, हे त्यांनी जाणले. म्हणून कोरडा उपदेश न करिता त्यांनी श्रम आणि विद्या यांची सांगड घातली. मुलांनी शेतात राबावे, बांधकामे करावी आणि त्याच कष्टांवर शिकावे, ही 'कमवा आणि शिका' योजना होय. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यास निघाले. १९५९ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला, व त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेविला.

आमच्या शिक्षकीच्या दिवसांतील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गणितात पहिला येणारा आमचा एक विद्यार्थी सातवीतून निघाला आणि गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडे घालू लागला. बापाने त्या हंगामापुरती अडचण सांगितली. आम्ही मान डोलाविली व गप्प बसलो. हंगाम सरला, पण मुलगा शाळेत परतला नाही. त्याच्या फीची वा पुस्तकांची सोय आम्हांस करिता आली असती. ती आम्ही केली नाही, ही खंत आजही आमच्या मनात आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे की, पहिल्या पगाराच्या मोहाने मुलामुलींचे शिक्षण अर्ध्यावर तोडू नये. आणि ज्यांच्या घरी खरोखरच अडचण असेल, त्यांना नुसता बोध न करिता शेजाऱ्यांनी हात द्यावा. कर्मवीरांचे स्मरण याहून निराळे ते काय असणार?