शिकाऱ्यांचे संत : संत ह्युबर्ट

३ नोव्हेंबर हा संत ह्युबर्ट यांचा सण. आपल्या धर्मग्रामांत हे नाव फारसे कानी पडत नाही. बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीत मात्र शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. शिंगांच्या मधोमध क्रूस असलेले हरीण ही त्यांची खूण. एका प्रसिद्ध जर्मन मद्याच्या बाटलीवरही ती दिसते! पण जीव घेणाऱ्यांना संताचा आश्रय कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तो रास्त आहे.

ह्युबर्ट यांचा जन्म सातव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात झाला. ते मास्ट्रिख्टचे महागुरू संत लॅम्बर्ट यांचे शिष्य होते. सुमारे ७०५ साली लिएज येथे संत लॅम्बर्ट यांची हत्या झाली आणि त्यांच्या जागी ह्युबर्ट महागुरू झाले. गुरूंचे पवित्र अवशेष त्यांनी लिएजला नेले. पुढे तेच धर्मप्रांताचे मुख्य ठिकाण बनले. आर्देनच्या घनदाट अरण्यात मूर्तिपूजक लोक राहत होते. त्यांच्यात फिरून ह्युबर्ट यांनी शुभवार्ता सांगितली, म्हणून त्यांना आर्देनचे प्रेषित म्हणतात.

त्यांच्या सर्वांत जुन्या चरित्रात हरणाचा उल्लेख नाही. ती आख्यायिका कित्येक शतकांनी, संत युस्टेस यांच्या कथेवरून, त्यांच्या नावाशी जोडली गेली. तरुण ह्युबर्टला शिकारीचे वेड होते. गुड फ्रायडेला सारे चर्चमध्ये असताना हा मात्र रानात हरणामागे धावत होता. अचानक हरीण थांबले, वळले. त्याच्या शिंगांत क्रुसावरचा ख्रिस्त झळकत होता. प्रभूकडे वळला नाहीस तर तुझा नाश होईल, असा आवाज त्याने ऐकला. तो घोड्यावरून उतरला आणि त्याने गुडघे टेकले.

जर्मनीतील शिकाऱ्यांनी या कथेतून एक नियम घेतला. जनावर ही देवाची निर्मिती आहे. मारायचेच असेल तर त्याला तडफडत ठेवू नये. नेम खात्रीचा नसेल तर गोळी झाडू नये. जखमी जनावराला रानात सोडून घरी जाऊ नये. माग काढणारी ब्लडहाउंड कुत्रीही संत ह्युबर्ट यांच्याच नावाने ओळखली जातात. त्यांच्या नावाच्या मठातील संन्याशांनी ती जोपासली, अशी परंपरा आहे.

आज या नियमाची एक नवी कसोटी आहे. बंदुकीचा आवाज दोन कारणांनी होतो. एक नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा, दुसरा ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा. पहिला सायलेन्सरने कमी होतो. दुसरा घालवायचा तर गोळीच सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा हळू जायला हवी. नेहमीच्या रायफलची गोळी ८०० मीटरच्या आसपास वेगाने जाते. त्याच वजनाच्या गोळीचा वेग निम्मा झाला की तिची शक्ती एक चतुर्थांश उरते. जर्मन कायद्यानुसार लहानशा रो हरणासाठीही १०० मीटरवर किमान १००० ज्यूल, तर मोठ्या हरणासाठी २००० ज्यूल शक्ती लागते. पॉइंट टू-टू रायफलची मंद गोळी नळीतून निघतानाच दीडशे ज्यूलच्या आत असते.

अशा गोळीने शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, शिकाऱ्याचे कान दुखत नाहीत. कोणी म्हणेल, बाकीचा कळपही बिचकत नाही. पण जिला गोळी लागली त्या हरणाचे काय? जखम लहान, रक्त थोडे. ते झाडीत पळते आणि तासन्‌तास मरत राहते. गोळी वजनदार असेल, अंतर अगदी जवळचे असेल आणि कायद्याची परवानगी असेल, तर गोष्ट वेगळी. नाहीतर ती शांतता माणसाची सोय असते, हरणावरची दया नव्हे.

संत ह्युबर्ट यांना हे कळले असते. मासेमारीच्या कामावर देखरेख करताना सेवकाचा घाव चुकून त्यांच्या हातावर बसला आणि बोटे चिरडली, असे ते जुने चरित्र सांगते. ते दुखणे त्यांनी दीर्घकाळ सोसले. ३० मे ७२७ रोजी त्यांनी देह ठेवला. ८२५ साली त्यांचे अवशेष आर्देनमधील मठात नेण्यात आले. ते गाव आज सेंट-ह्युबर्ट म्हणून ओळखले जाते.

प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभा शिकवते. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे. आपल्या हाती बंदूक नाही. पण कोंबडी, बकरा, डुक्कर आपल्या सणांसाठी कापले जातातच. सुरीला धार आहे ना, जीव चटकन जातो ना, हे आपण पाहतो का? की किंकाळी आपल्या कानी आली नाही, एवढ्यावरच आपले समाधान होते?

ऐकू न आलेले दुःखही देवाला ऐकू येते. संत ह्युबर्ट, आम्हांसाठी विनंती करा.