खाशाबा जाधव: ऑलिम्पिक पदक, खुराक आणि डोपिंग टेस्ट

15 जानेवारी 2023 ला गूगल उघडलं असेल, तर डूडलमध्ये एक पैलवान दिसला असेल. ते खाशाबा दादासाहेब जाधव. त्या दिवशी त्यांची 97 वी जयंती होती. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी मिळवून दिलं, एवढं आपल्याला माहीत असतं.

मी मलकापूरचा. बुलढाण्याचं नव्हे, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं, शाहूवाडी तालुक्यातलं. आमच्या भागात कुस्ती म्हणजे जीव की प्राण. पण हल्ली पोरांच्या गप्पांत दूध-बदामाइतकंच पावडर आणि इंजेक्शनचंही नाव येतं. म्हणून आज खाशाबांची गोष्ट जरा वेगळ्या अंगाने बघू.

गोळेश्वर ते हेलसिंकी

खाशाबांचा जन्म 1926 चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तालीम घरातूनच सुरू झाली. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कॉलेज कोल्हापूरचं राजाराम.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. इकडे सगळी कुस्ती लाल मातीतली, तिकडे मॅट आणि वेगळे नियम. तरीही 52 किलो गटात सहावे आले.

1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या वेळी पैशांचीच अडचण होती. गावोगाव वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी 57 किलो गटात फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक आणलं. त्या गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीला मिळालं. परत आल्यावर कराडहून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे जमवले आणि खर्डेकरांचं देणं फेडलं. पुढचं वैयक्तिक पदक भारताला मिळायला 1996 उजाडलं. टेनिसमध्ये लिअँडर पेसचं.

तेव्हा डोप टेस्ट होती का?

नव्हती. ऑलिम्पिकमध्ये डोपिंगची तपासणी 1968 पासून सुरू झाली आणि स्टेरॉइडची 1976 पासून. म्हणजे खाशाबांची टेस्ट कधी झालीच नाही. त्यांचा खुराक साधा होता आणि तो कुठून येतो, कोण आणतं, हे सगळ्या तालमीला ठाऊक असायचं. आजच्या खेळाडूच्या हातात बंद डबा असतो. त्यात नेमकं काय आहे, हे लेबलवरूनही खात्रीने कळत नाही.

आता टेस्ट कशी चालते ते थोडक्यात. खेळाडूचा लघवीचा नमुना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत सील होतो. लॅबमध्ये आधी क्रोमॅटोग्राफीने त्यातले घटक वेगळे करतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक घटकाच्या रेणूंच्या वस्तुमानावरून तो पदार्थ ओळखतो. फिंगरप्रिंट जुळवावं, तसंच. ‘ए’ पॉझिटिव्ह आला, तर खेळाडू ‘बी’ तपासायला सांगू शकतो.

नियम मात्र कडक आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवचं 2016 चं प्रकरण आठवा. जेवणात कुणीतरी भेसळ केली, हे त्याचं म्हणणं नाडाने मान्य केलं. पण रिओमध्ये कुस्तीच्या तोंडावर क्रीडा लवादाने ते फेटाळलं आणि चार वर्षांची बंदी आली. 2023 च्या जागतिक आकडेवारीत भारताचे 5,000 पेक्षा जास्त नमुने तपासले गेले, त्यातले 3.8 टक्के पॉझिटिव्ह निघाले. मोठ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं.

जत्रेतल्या फडात टेस्ट नसते

खरी काळजी इथे आहे. गावच्या मैदानात, जिममध्ये, भरतीच्या ग्राउंडवर बाटली घेऊन कुणी येत नाही. मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं पोरं घेतात, अशा बातम्या आपल्याकडे येत असतात. हे औषध भूल दिल्यावर पेशंटचं बीपी उतरलं, तर ते वर आणायला डॉक्टर वापरतात. निरोगी माणसाने ठोकलं, की ठोके आणि बीपी वाढतं, दम लागल्याचं कळत नाही. मोबाइल तापल्यावर तो आपोआप स्लो होतो ना, तसा थकवा म्हणजे शरीराचा सेफ्टी कटऑफ. तो बंद करून पळायचं म्हणजे हृदयाशी खेळ. टेस्ट नसली, तरी हृदय तेच असतं.

काय कराल?

नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ ॲप फुकट आहे. त्यात औषधाचं नाव टाकलं की त्यात बंदी असलेला घटक आहे का ते कळतं. सर्दीची गोळीसुद्धा घेण्याआधी बघा. पावडरच्या बाबतीत मात्र ॲपवरही विसंबू नका, कारण भेसळ ॲपला दिसत नाही. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन नाहीच.

खाशाबा 1955 मध्ये पोलिसांत फौजदार म्हणून लागले आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणानंतर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे. भरतीची तयारी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पदकानंतर खाशाबांनी वर्दीतली जवळजवळ तीन दशकं काढली. ग्राउंड एका दिवसाचं असतं, नोकरीला शरीर पुढची तीस वर्षं लागतं.