मालमोटारींचा शिल्पकार : सुमंत मूळगावकर

महाराष्ट्राबाहेर संसार थाटणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांचा आणि मालमोटारीचा ऋणानुबंध फार जुना आहे. बदलीचा हुकूम हाती पडला की देव्हाऱ्यापासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सारे घर तिच्या हौद्यात चढत असे आणि ताडपत्रीखाली दोरखंडांनी जखडलेले असे नव्या गावी जाऊन उतरत असे. त्या मोटारीच्या तोंडावर वर्तुळात बसविलेले इंग्रजी ‘टी’ हे अक्षर आपल्यापैकी बहुतेकांच्या नजरेखालून गेलेले असेल. ते अक्षर तेथे यावे म्हणून मुंबईत जन्मलेल्या एका अभियंत्याने आपल्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे वेचली. सुमंत मूळगावकर हे नाव उद्योगजगतात सर्वपरिचित आहे; परंतु त्यांनी नेमके काय साधले आणि ते साधण्यासाठी किती काळ वाट पाहिली, हे पुन्हा एकदा सांगण्याजोगे आहे.

मूळगावकरांचा जन्म १९०६ सालचा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात यंत्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते स्वदेशी परतले आणि सिमेंटच्या धंद्यात शिरले. पुढे असोसिएटेड सिमेंट कंपनीत त्यांनी नाव मिळविले, ते सिमेंट विकण्यात नव्हे, तर सिमेंट बनविणारी यंत्रे येथेच घडविण्याच्या खटपटीत. परदेशातून यंत्र आणावे, ते बिघडले की परदेशातूनच सुटा भाग मागवावा आणि तो येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे, अशी तेव्हाच्या भारतीय कारखानदारीची रीत होती. ती रीत मोडण्याचा ध्यास त्यांना याच काळात लागला व तो अखेरपर्यंत सुटला नाही.

१९४५ साली टाटांनी जमशेदपूर येथील सिंहभूमचे रेल्वे वर्कशॉप ताब्यात घेऊन टाटा इंजिनियरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजेच टेल्को, स्थापन केली. आगगाडीची वाफेची इंजिने बांधावीत हा तिचा मूळ उद्देश. १९४८ साली तेथे वाफेवर चालणारे रोड रोलरही होऊ लागले. १९४९ साली जे. आर. डी. टाटा यांनी या कंपनीची धुरा मूळगावकरांकडे सोपविली. रेल्वे हे आगगाडीच्या इंजिनांचे एकमेव गिऱ्हाईक. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेला कारखाना किती काळ तग धरणार, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. त्याचे उत्तर रस्त्यावर सापडले.

त्या काळी आपल्या रस्त्यांवर बेडफर्ड, डॉज, फार्गो, शेव्हरोले अशा विलायती व अमेरिकन बनावटीच्या मालमोटारी धावत, आणि त्यांतील पुष्कळशा पेट्रोलवर चालत. डिझेल इंजिनाचे तत्त्व निराळे. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून तिच्यात सोडलेले तेल आपोआप पेट घेते. त्याच कामाला तेल कमी लागते. पण हा दाब सोसण्यासाठी इंजिनाचा प्रत्येक भाग अधिक भक्कम व अधिक काटेकोर असावा लागतो. असे इंजिन येथे बनवायचे, तर उत्तम पोलाद, उत्तम ओतकाम आणि तरबेज हात, तिन्ही हवेत. पोलाद जमशेदपुरात होतेच. उरलेल्या दोन गोष्टी निर्माण करावयाच्या होत्या.

१९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पहिली टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटार जमशेदपूरच्या कारखान्यातून बाहेर पडली. पुढे आलेले गोलसर बॉनेट, त्यावर तीन पाकळ्यांचा तारा, आत सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन आणि खाली एकावर एक रचलेले कमानदार पाटे, असे तिचे रूप होते. जुन्या मालमोटारींच्या शौकिनांना ती आजही देखणी वाटते. १९६१ साली या मोटारींची निर्यात सुरू झाली आणि पहिली मोटार सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, रवाना झाली.

करार पंधरा वर्षांचा होता, आणि मूळगावकरांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी याच आकड्यात होती. नकाशे जर्मनीचे, साचे जर्मनीचे आणि नाममुद्राही जर्मनीची. मुदत सरली की दोनच वाटा उरणार होत्या. एक तर पुन्हा करार करून आणखी काही वर्षे दुसऱ्याच्या आधाराने चालायचे, किंवा तोपर्यंत स्वतःच्या पायांवर उभे राहायचे. दुसरी वाट धरायची, तर मोटार बनविण्यापूर्वी मोटार बनविणारी यंत्रे बनवावी लागतात, आणि यंत्रे बनविण्यापूर्वी ती बनविणारी माणसे. हा क्रम त्यांनी कधी उलटा होऊ दिला नाही.

म्हणूनच १९६६ साली पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या माळावर टेल्कोचे दुसरे केंद्र उभे राहू लागले, तेव्हा तेथे प्रारंभी मोटारी झाल्या नाहीत. तेथे यंत्रे होऊ लागली, पत्रा दाबून आकार देणारे साचे होऊ लागले आणि त्याच वर्षी संशोधन केंद्रही सुरू झाले. शिकाऊ मुलांना कानस धरण्यापासून शिकविणारे प्रशिक्षण केंद्र हा त्या योजनेचा कणा होता. पुण्यात पहिली मालमोटार तयार झाली ती १९७७ साली. म्हणजे अकरा वर्षे पैसा, जमीन आणि बुद्धी केवळ पूर्वतयारीवर खर्च झाली. नफ्याचा ताळेबंद दरसाल पाहणाऱ्या व्यापारी जगात अकरा वर्षांचा धीर धरणे किती अवघड, हे ज्यांनी कारखान्यात नोकरी केली आहे त्यांना सांगावयास नको.

त्याच माळावर त्यांनी झाडे लावली आणि तळे निर्माण केले. ते तळे आज सुमंत सरोवर या नावाने ओळखले जाते आणि पाखरांचा तेथे मुक्काम असतो. यंत्रांच्या कारखान्यात झाडांचे काय काम, असे कोणासही वाटेल. परंतु ज्या जागी माणसाने दिवसाचे आठ तास काढायचे ती जागा स्वच्छ व प्रसन्न असली, तर हातून होणारे कामही नेटके होते, हे त्यांनी जाणले होते.

१९६९ साली करार संपला. मोटारीच्या तोंडावरील तारा उतरला आणि त्या जागी वर्तुळातील ‘टी’ आला. गिऱ्हाईक बिथरेल अशी भीती वाटण्याजोगाच तो प्रसंग होता; कारण गाडीवानाचा विश्वास त्या ताऱ्यावर बसलेला होता. पण मोटार आतून तीच होती, आणि तिचे बहुतेक भाग आता येथेच घडत होते. पुढे ‘१२१०’ या आकड्याची टाटा मालमोटार देशभर दिसू लागली. ‘बारा’ म्हणजे मालासह सुमारे बारा टन वजन आणि ‘दहा’ म्हणजे सुमारे शंभर अश्वशक्ती, असा त्या आकड्याचा अर्थ. काश्मीरची सफरचंदे, नागपूरची संत्री आणि आसामचा चहा तिच्या हौद्यातून दूरदूर पोहोचला.

मूळगावकरांविषयी एक गोष्ट टेल्कोच्या लोकांत आवर्जून सांगितली जाते. दुपारच्या जेवणाच्या वेळी ते अधूनमधून कोठेतरी नाहीसे होत. वरिष्ठांना वाटे, साहेब एखाद्या मोठ्या हॉटेलात कोणा बड्या व्यापाऱ्याबरोबर जेवत असतील. शोध घेता साहेब सापडले ते हमरस्त्यावरच्या ढाब्यावर, ट्रक चालविणाऱ्यांच्या पंगतीत. क्लच कोठे जड जातो, घाटात कोणता गिअर कुरकुरतो, पाटे कोणत्या रस्त्यावर तुटतात, हे ते त्यांच्या तोंडून ऐकत आणि कारखान्यात येऊन दुरुस्त्या सुचवीत. गोष्टीला सांगणाऱ्यांनी थोडाफार रंग चढविलाही असेल. पण ती ज्यांच्या मुखी राहिली त्यांना आपल्या वरिष्ठाची ओळख पटली होती, एवढे निश्चित.

पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले. १९८० नंतर जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून चार कारखान्यांनी हलक्या मालमोटारी बाजारात आणल्या, तेव्हा टेल्कोचे दिवस भरले असे भाकीत करणारे थोडे नव्हते. १९६६ साली पेरलेले बीज आता उपयोगी पडले. परदेशी मदतीवाचून टेल्कोच्या स्वतःच्या अभियंत्यांनी ‘४०७’ ही गाडी सिद्ध केली आणि १९८६ साली ती रस्त्यावर आली. त्या चार जपानी जोडनावांपैकी दोन पुढे बाजारातून नाहीशी झाली. ‘४०७’ मात्र एकविसाव्या शतकातही तयार होत राहिली.

१९८८ साली रतन टाटांकडे अध्यक्षपद सोपवून मूळगावकर निवृत्त झाले आणि पुढल्याच वर्षी, १९८९ साली, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी लीलाबाई यांनी मुंबईत रक्तदानाच्या चळवळीचा पाया घातला. ते कार्यही याच तोलाचे. १९९४ साली निघालेल्या टाटांच्या ‘सुमो’ गाडीला नाव देताना सुमंतमधील ‘सु’ आणि मूळगावकरमधील ‘मो’ घेतला गेला. जपानी मल्लाशी त्या नावाचा संबंध जोडणाऱ्यांना हे सांगितले की नवल वाटते.

आता जुन्या बॉनेटच्या मालमोटारी रस्त्यावर क्वचितच दिसतात. पण त्यांचे वेड ओसरलेले नाही. हौशी मंडळी त्यांच्या लहान प्रतिकृती घडवितात, आणि केरळात तर लॉरी-बसगाड्यांच्या अशा प्रतिकृती हाताने करणारे कितीतरी कुशल लोक आहेत. एकास चोवीस या प्रमाणात मूळ मोटारीचे दोन फूट प्रतिकृतीत एक इंच होतात. त्या एका इंचात पाट्यांची संख्या चुकून चालत नाही, फाळक्याची कडी जागा सोडून चालत नाही आणि चाकांतील अंतर कमी-जास्त झाले तर सारी मोटार बेढब दिसते. हे काम करणाऱ्याला मूळ वस्तू बारकाईने पाहावीच लागते.

आपल्या घरातील एखाद्या मुलाने सुटीत पुठ्ठ्याची वा लाकडाची अशी मालमोटार करावयास घेतली, तर तिला तारा लावायचा की ‘टी’, हे त्याला वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागेल. तेव्हा त्याला सांगावे की १९६९ पूर्वीची असेल तर तारा आणि नंतरची असेल तर ‘टी’. आणि मध्ये काय घडले असे त्याने विचारलेच, तर जमशेदपूरपासून पिंपरीच्या माळापर्यंतची ही हकीगत त्याला सविस्तर ऐकवावी.