लॉर्ड केल्व्हिन

विल्यम थॉमसन, पहिले बॅरन केल्व्हिन (२६ जून, इ.स. १८२४ – १७ डिसेंबर, इ.स. १९०७) हे ब्रिटिश गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व अभियंता होते. निरपेक्ष तापमानाच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. स्थायूंमधील उष्णतावहनाच्या गणिताचा आधार घेऊन त्यांनी पृथ्वीचे वय काढण्याचा प्रयत्न केला. पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णता नव्याने निर्माण होत नाही, हे त्या गणितातील एक प्रमुख गृहीतक होते.

प्रारंभिक जीवन

थॉमसन यांचा जन्म आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. त्यांचे वडील जेम्स थॉमसन हे गणिताचे अध्यापक होते. इ.स. १८३२ मध्ये वडिलांची ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकपदी नेमणूक झाल्याने कुटुंब स्कॉटलंडला स्थलांतरित झाले. विल्यम यांनी वयाच्या दहाव्या वर्षी त्याच विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे केंब्रिजच्या पीटरहाउस महाविद्यालयात शिकून ते इ.स. १८४५ मध्ये पदवीधर झाले. इ.स. १८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. या पदावर त्यांनी त्रेपन्न वर्षे काम केले.

फूरिये यांचा प्रभाव

फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांचा उष्णतावहनावरील ग्रंथ इ.स. १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. थॉमसन यांनी तो इ.स. १८४० मध्ये वाचला. एडिंबरा येथील प्राध्यापक फिलिप केलंड यांनी फूरिये यांच्या गणितात चुका असल्याचे मत मांडले होते. ते मत खोडून काढणारा लेख थॉमसन यांनी इ.स. १८४१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केला. हाच त्यांचा पहिला शोधनिबंध होय.

फूरिये यांच्या समीकरणाचा उपयोग त्यांनी आयुष्यभर केला. समुद्राखालील तारायंत्राच्या केबलमधून संदेश का रेंगाळत जातो, याचे स्पष्टीकरण त्यांनी याच स्वरूपाच्या समीकरणाने दिले. केबलची लांबी दुप्पट झाली की विलंब चौपट होतो, असे त्यांनी दाखवले. अटलांटिक महासागरातील केबलच्या यशाबद्दल इ.स. १८६६ मध्ये त्यांना नाइट हा किताब मिळाला. इ.स. १८९२ मध्ये ते लॉर्ड केल्व्हिन झाले.

पृथ्वीच्या वयाचे गणित

खाणीत खोल उतरावे तसे तापमान वाढत जाते, म्हणजेच पृथ्वीच्या पोटातून उष्णता सतत बाहेर पडत असते. यावरून पृथ्वी निवत आहे, असा निष्कर्ष केल्व्हिन यांनी काढला. एके काळी पृथ्वी सर्वत्र सारख्याच तापमानाची होती आणि नंतर ती केवळ वहनाने निवत गेली, असे त्यांनी मानले. अशा स्थायूमध्ये पृष्ठभागाजवळचा तापमानवाढीचा दर काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. म्हणून आजचा दर मोजला की निवण्याचा काळ काढता येतो.

या गणितासाठी तीन राशी आवश्यक होत्या. आरंभीचे तापमान त्यांनी ७,००० अंश फॅरनहाइट (सुमारे ३,९०० अंश सेल्सियस) धरले. तापमानवाढीचा दर दर ५० फुटांना १ अंश फॅरनहाइट, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ३६ अंश सेल्सियस, इतका घेतला. खडकातून उष्णता किती वेगाने पसरते, हे त्यांनी जेम्स फोर्ब्स यांनी एडिंबरा येथे जमिनीत पुरलेल्या तापमापकांच्या नोंदींवरून ठरवले. उत्तर ९ कोटी ८० लाख वर्षे आले. राशींमधील अनिश्चितता लक्षात घेऊन त्यांनी २ कोटी ते ४० कोटी वर्षे अशी मर्यादा सांगितली. हा निबंध इ.स. १८६२ मध्ये एडिंबरा येथील रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आला. इ.स. १८९७ मध्ये त्यांनी ही मर्यादा २ ते ४ कोटी वर्षांपर्यंत खाली आणली.

वाद

हे उत्तर अनेक भूशास्त्रज्ञांना मान्य होण्यासारखे नव्हते. जाड गाळाचे थर साचण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला असावा, असे त्यांना वाटत होते. नैसर्गिक निवडीने होणाऱ्या उत्क्रांतीलाही दीर्घ काळ हवा असल्याने चार्ल्स डार्विन यांच्यापुढे ही मोठी अडचण होती. गणित कितीही काटेकोर असले तरी गृहीतके सदोष असल्यास उत्तर चुकते, असे टॉमस हक्स्ली यांनी इ.स. १८६९ मध्ये बजावले.

केल्व्हिन यांचे पूर्वीचे साहाय्यक जॉन पेरी यांनी इ.स. १८९५ मध्ये गृहीतकांवरच बोट ठेवले. पृथ्वीच्या खोल भागात उष्णता अधिक सहजतेने वाहत असेल, उदाहरणार्थ तेथील द्रव्य मंदपणे हलत असेल, तर वय २०० ते ३०० कोटी वर्षांपर्यंत जाऊ शकते, असे त्यांनी दाखवले. केल्व्हिन यांनी आपले मत बदलले नाही.

अंतर्गत उष्णतानिर्मिती

इ.स. १८९६ मध्ये किरणोत्सारितेचा शोध लागला. रेडियम सतत उष्णता बाहेर टाकते, असे इ.स. १९०३ मध्ये प्येर क्युरी व आल्बेर लाबोर्द यांना आढळले. अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी इ.स. १९०४ मध्ये लंडन येथे केल्व्हिन यांच्या उपस्थितीत दिलेल्या व्याख्यानात याचा संबंध पृथ्वीच्या वयाशी जोडला. उष्णतेचा नवा स्रोत सापडल्यास आपले अनुमान बदलावे लागेल, अशी अट केल्व्हिन यांनीच पूर्वी घातली होती, याची त्यांनी आठवण करून दिली. तथापि केल्व्हिन यांनी आपले अनुमान जाहीरपणे मागे घेतले नाही.

गणिताच्या दृष्टीने पाहता, वहनाच्या समीकरणात उष्णतानिर्मितीचे पद मिळवावे लागते. निर्मिती व ऱ्हास समान झाल्यास स्थायूचे तापमान स्थिर राहते. त्यामुळे केवळ तापमानवाढीच्या दरावरून वय ठरवता येत नाही. पृथ्वीत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या ऱ्हासातून अशी उष्णता निर्माण होते.

केल्व्हिन यांची चूक केवळ किरणोत्सारितेच्या अज्ञानामुळे झाली, असे सर्रास सांगितले जाते. ते पूर्णतः बरोबर नाही. दहा कोटी वर्षांत वहनाने होणारे निवणे वरच्या सुमारे शंभर किलोमीटरपर्यंतच पोहोचते. त्याखाली निर्माण झालेली उष्णता तेवढ्या काळात केवळ वहनाने पृष्ठभागावर येऊ शकत नाही. त्यामुळे त्यांच्या स्थायू पृथ्वीत ही उष्णता मिळवली तरी उत्तर फारसे बदलत नाही. प्रावरणातील मंद अभिसरण खालची उष्णता सतत वर आणते, हे अधिक महत्त्वाचे कारण असून ते पेरी यांच्या आक्षेपाशी जुळते.

मृत्यू व वारसा

केल्व्हिन यांचे स्कॉटलंडमधील लार्ग्स येथे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. त्यांचे उत्तर मागे पडले असले, तरी पृथ्वीच्या वयाचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या नियमांनी आणि मोजमापांनी सोडवावा, हा त्यांचा आग्रह टिकून राहिला. ज्या किरणोत्सारितेमुळे त्यांच्या गणितातील एक उणीव उघड झाली, तिच्याच आधारे पुढे खडकांचे वय मोजण्यात आले.