मेजर रॉबर्ट गिल

अजिंठ्याची लेणी शेकडो वर्षे दाट रानात दडून राहिली होती. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीसाठी तिकडे गेला आणि ती पुन्हा उजेडात आली. पण भिंतींवरच्या सुंदर चित्रांचे रंग उडत होते, पोपडे गळून पडत होते. चित्रे नाहीशी होण्याआधी त्यांच्या हुबेहूब नकला करून ठेवाव्यात, असे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीला सुचवले.

१८४४ साली हे काम मद्रास फौजेतील कॅप्टन रॉबर्ट गिल यांच्याकडे आले. त्यांचा जन्म १८०४ साली लंडनमध्ये झाला. पेशाने ते शिपाई, पण बोटांत कला होती. पुढे ते मेजर झाले.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. गिल अजिंठा गावातील बारादरीत राहू लागले. लेण्यांत अंधार आणि वटवाघळांचा उपद्रव. बाहेर रान आणि रानात वाघ! शिकारीचा त्यांना नाद होता, पण त्यांचे खरे मन रमले ते चित्रांत. मोठमोठे कॅनव्हास उभारून ते भिंतीवरच्या चित्राएवढेच तैलचित्र रंगवत. असे एक-दोन वर्षे नव्हे, सुमारे वीस वर्षे चालले! शिवाय ते कॅमेरा वापरायला शिकले आणि त्यांनी लेण्यांची छायाचित्रेही काढली.

त्यांची तीसच्या आसपास चित्रे लंडनला पोहोचली. बहुतेक चित्रे क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य इमारतीत लोकांना पाहण्यासाठी मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि ती सारी जळून गेली. प्रदर्शनात नसलेली चार-पाच चित्रे तेवढी वाचली.

त्या वेळी गिल साठी ओलांडलेले होते. मायदेशी परत जाऊन ते स्वस्थ बसू शकले असते. पण त्यांनी अजिंठा सोडले नाही. त्यांनी पुन्हा कामाला हात घातला. एप्रिल १८७९ मध्ये भुसावळजवळ त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळलाच आहे.

गिल यांच्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नव्या नकला केल्या. दुर्दैवाने त्यांतील पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीत जळाल्या. पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याजदानी यांनी १९३० पासून अजिंठ्यावरील ग्रंथाचे चार खंड प्रसिद्ध केले. गिल यांची वाचलेली चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.