वाटसरूंची माउली: अहिल्याबाई होळकर

औंढा नागनाथ १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. त्या मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई १७२५ साली चौंडी गावी जन्मल्या. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव. स्वतःचे घर असे रिते झाले. पण महेश्वरी राहून कारभार पाहताना त्यांनी काशी, गया अशा दूरदूरच्या ठिकाणी मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या. उन्हातान्हातून आलेल्या वाटसरूला तेथे पाणी, सावली आणि चार माणसांची सोबत मिळे. १७९५ साली त्या निवर्तल्या. काशीतील त्यांच्या घाटावर माणसे आजही बसतात. मित्रहो, नवी इमारत बांधताना आपण तिला निदान एक ओटा ठेवतो का?